मोकळ्या रस्त्याचे तेरा मीटर

५ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

विक्रम माझा! दहा किलोमीटर, तेहतीस मिनिटं सोळा सेकंद. जुना विक्रम तेहतीस मिनिटं वीस सेकंदांचा, त्यापेक्षा चार सेकंद कमी. मुख्य पंचबाईंनी तिन्ही घड्याळं स्वतः ताडून पाहिली आणि माइकवरून दोनदा जाहीर केलं. दुसऱ्यांदा जाहीर केलं ते बाबांसाठी, कारण पहिल्यांदा ते इतके ओरडत होते की त्यांना काही ऐकूच आलं नाही.

फोन करणार होते. पण तू कानातलं मशीन डबीत घालून कपाटात ठेवतेस, आणि मी गल्लीभर ओरडून सांगितलं तरी तू म्हणणार, "कोण पडलं?" म्हणून लिहितेय. घाईघाईत लिहितेय, अक्षर चालवून घे.

आता ऐक कसं झालं ते. डेअरीपासून पुलापर्यंतचा नागमोडी रस्ता तुला आठवतो ना? तिथे आयोजक आम्हाला अर्धाच रस्ता देणार होते, उरलेल्या अर्ध्यातून गाड्या. बाबांना हे कळल्यापासून त्यांची झोप उडाली होती. "माझी पोरगी ट्रकच्या शेजारून पळणार नाही," म्हणाले. रोज पहाटे बेकरीची गाडी घेऊन निघाले की आधी ट्रॅफिकच्या साहेबांना गाठायचे. आठवडाभर पिच्छा पुरवला. शेवटी साहेब म्हणाले, "बाबा रे, घे पूर्ण रस्ता, पण मला सोड." शर्यतीच्या दिवशी तो अख्खा पट्टा आमचा! मी तर या काठापासून त्या काठापर्यंत पट्टी ठेवून रेघ मारावी तशी पळाले. तोवर सगळ्यांच्या पुढे असलेल्या एका उंच मुलीला तिथेच मागे टाकलं.

आता एकच सोपस्कार राहिलाय. विक्रम पक्का करण्याआधी रस्ता पुन्हा मोजतात. परगावचे एक मोजणीवाले काका येणार आहेत. रस्ता दहा किलोमीटरला एक मीटर जरी कमी भरला तरी विक्रम रद्द. पक्का झाला तर दोन वर्षांच्या शिबिराच्या यादीत माझं नाव. राहणं, खाणं, पळणं सगळं तिथे! बाई म्हणाल्या (आमच्या कोचबाई), या वेळी एकच जागा आहे.

पण घाबरायचं कारण नाही. माझ्या घड्याळात रस्ता दहा पूर्णांक नऊ शतांश किलोमीटर आला. बाबांनी गाडीने मोजला तर दहा पूर्णांक तीन दशांश! म्हणजे मी उलट जास्तच पळालेय. हो की नाही?

तुझी
टिटवी

९ फेब्रुवारी

टिटवे,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि चौथ्यांदा शेजारणीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "दहा किलोमीटर पळत कशाला गेली? बस नव्हती का?" मी तिला चहा न देताच घालवलं.

पोरी, काय केलंस तू! काडीसारख्या पायांची म्हणून मी तुला टिटवी म्हणायला लागले, तेव्हा तुझी आई रुसली होती. आता विचार तिला.

पण घड्याळाच्या जिवावर निश्चिंत होऊ नकोस. मी जन्मभर रस्ते खात्यात मोजणीचा फिता ओढला, मला या बाबतीत कुणी फसवू शकत नाही. तुझं घड्याळ दर सेकंदाला आकाशातल्या उपग्रहांना विचारतं, मी कुठे आहे? उत्तर येतं, इथे. नाहीतर तिथे, दोनतीन पावलांवर. तू पळतेस सरळ, पण घड्याळाच्या हिशेबी तू लटपटत चालली आहेस, आणि ते सगळी लटपट मोजून त्यात मिळवतं. शिवाय तू गर्दीतून वाट काढलीस, पाण्याच्या टेबलाकडे वळलीस, ती पावलं वेगळी. म्हणून शर्यतीनंतर जो तो म्हणतो, रस्ता लांब होता. बिचाऱ्या रस्त्याने काही केलेलं नसतं.

गाडीच्या मीटरचं तर बोलूच नकोस. तो चाकाच्या फेऱ्या मोजतो. तुझ्या बापाच्या गाडीचे टायर नवे कधी होते ते त्यालाही आठवणार नाही. झिजलेलं चाक लहान, त्याच्या फेऱ्या जास्त, म्हणून आकडा मोठा. त्या गाडीने मोजलं तर आपलं घरसुद्धा एका खोलीने वाढेल.

आणि रस्त्यावरच्या पाट्या? त्या तर आम्हीच लावल्या! एका गावाच्या वाटेवर आमच्या खात्याची पाटी गावातल्या पोस्टापर्यंतचं अंतर सांगायची आणि नगरपालिकेची पाटी हद्दीपर्यंतचं. माणूस एका पाटीपासून दुसरीपर्यंत तीन किलोमीटर गेला तरी गाव तितकंच लांब. एक गृहस्थ ऑफिसात येऊन म्हणाले, "बाई, तुमचं गाव मागे मागे सरकतंय, कुणीतरी धरा त्याला."

शर्यतीचा रस्ता मात्र खरा मोजतात, तो सायकलने. हसू नकोस. आधी पोलादी फित्याने मोजलेल्या सरळ पट्ट्यावर सायकल अनेकदा चालवायची आणि चाकाच्या काउंटरवर किती आकडे पडतात ते बघायचं. मग त्या आकड्यांवरून सगळा रस्ता मोजायचा, तोही पळणाऱ्याला जमेल तितक्या जवळच्या वाटेने, प्रत्येक वळणाच्या आतल्या काठाला चिकटून. वर हजार मीटरमागे एक मीटर मुद्दाम जास्त टाकायचा, चुकून कमी भरू नये म्हणून. म्हणजे तुमच्या रस्त्यात दहा मीटर पदरचे असणार.

मला भीती आहे ती उन्हाची. उन्हात टायर फुगतो आणि रस्ता कमी भरतो. पहिली मोजणी किती वाजता झाली ते विचारून लगेच कळव.

तुझी आत्या

१० फेब्रुवारी

टिटवे,

कालचं पत्र पेटीत टाकलं आणि घरी येऊन कपाळावर हात मारला. उलटं लिहिलं मी! टायर फुगला की चाक मोठं होतं, एका फेरीत जास्त रस्ता कापतं. ठरलेल्या फेऱ्या पुऱ्या होईपर्यंत सायकल थोडी पुढेच गेलेली असते. म्हणजे उन्हात मोजला असेल तर रस्ता दोनचार मीटर जास्तच भरेल. ऊन आपल्या बाजूचं आहे. काल लिहिलं होतं ना, मला कुणी फसवू शकत नाही? मी स्वतःच स्वतःला फसवलं.

पण चूक शोधायला म्हणून तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि दुसऱ्याच ओळीवर अडकले. "अख्खा पट्टा आमचा." टिटवे, पहिली मोजणी अर्ध्या रस्त्याची होती की पूर्ण रस्त्याची? नकाशात काय काढलंय? बघ आणि लिही.

आत्या

१५ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझी दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली आणि मी नेमकं दुसरं आधी वाचलं. मग पहिलं वाचलं. मग परत दुसरं. रस्ता एकदा वाढला, एकदा आटला, एकदा परत वाढला.

पहिली मोजणी भर दुपारी झाली होती. म्हणजे ऊन आपलंच!

नकाशाची प्रत सोबत पाठवतेय. नागमोडी पट्ट्यात अर्धाच रस्ता दाखवलाय, मधोमध ते नारिंगी प्लास्टिकचे कोन. धावपटूंनी कोनांच्या डावीकडूनच जायचं. त्या दिवशी कोन आले होते, पण टेम्पोतच राहिले. सगळाच रस्ता मोकळा मिळाल्यावर ते मांडायचे कशाला, असं सगळ्यांना वाटलं. मलाही.

पण मी विचार केला, मोजणीवाले काका नकाशा हातात घेऊनच मोजणार ना? नकाशात अर्धा रस्ता आहे, ते अर्धाच मोजतील. मग अडचण कसली? तू उगाच काळजी करतेस.

दुसरं काही नाही. मी रोज पळतेय, पाय छान आहेत. शिबिरासाठी बाबांनी मोठी बॅग आणलीय. कुणी विचारलं नसलं तरी तिच्या चेनपासून चाकापर्यंत सगळं सांगतात. काल जेवताना त्यांनी मध्येच विचारलं, "काय गं, वळण आतल्या अंगाने कापलं तर मीटर कमी पडतो का?" मी म्हटलं, "गाडीला काय कळतंय?" ते हसले. जरा जास्तच हसले.

मोजणी २६ तारखेला सकाळी आहे.

टिटवी

१९ फेब्रुवारी

टिटवे,

पत्राच्या शेवटी "दुसरं काही नाही" असं लिहिलंस, तेव्हाच मला कळलं की दुसरं काहीतरी आहे आणि ते तुलाही कळलंय.

नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला आणि दोरा घेऊन बसले. मधल्या रेघेच्या डावीकडून दोरा ठेवला तर प्रत्येक वळणाबरोबर तोही वळतो. अख्खा रस्ता धरून ठेवला तर जवळजवळ सरळ जातो. दोऱ्याच्या दोन्ही लांब्या सारख्या नाहीत. फरक पदरच्या दहा मीटरांत बसतो की बाहेर जातो, ते इथून सांगता येत नाही. दोरा म्हणजे काही सायकल नाही. बसेलही. ऊनही आपल्या बाजूने आहे. पण कमी पडणारच नाही असं मी म्हणणार नाही.

मोजणीचा नियम मला ठाऊक आहे, तेवढा सांगते. नकाशात काय काढलंय ते मोजत नाहीत. त्या दिवशी पळणाऱ्याला जो रस्ता खुला होता तो मोजतात. काकांना कुणी काही बोललं नाही तर ते नकाशा धरूनच मोजणार, हे तुझं बरोबर. तुझा विक्रम पक्का होईल, तू शिबिराला जाशील, मी शेजारणीला चहा पाजेन.

काय करायचं ते मी सांगणार नाही. तू लहान नाहीस आणि पळाली आहेस तू, मी नाही. मला फक्त तुझ्या बापाचं वाईट वाटतं. शाळेतली तुझी पहिली शर्यत आठवते? शेवटच्या शंभर मीटरला त्याला राहवेना, दोरी ओलांडून तुझ्या शेजारून पळायला लागला, आणि पंचांनी तुलाच बाद केलं. तेव्हा तो आठ दिवस स्वतःलाच बोल लावत होता. त्याला सांगायचं की नाही ते तू ठरव. मी त्याला एक अक्षर लिहिणार नाही.

आत्या

२८ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

रस्ता तीन मीटर कमी भरला. नऊ हजार नऊशे सत्त्याण्णव. मोजणीवाल्या काकांनी दोनदा मोजून, सायकल पुन्हा फित्याच्या पट्ट्यावर तपासून, परवा तिथेच डेअरीपाशी स्वतः सांगितलं. विक्रम रद्द.

थांब, लगेच डोळे पुसू नकोस. पुढे वाच. पुढे मजा आहे.

तुझं पत्र आल्यापासून मी नुसती टाळाटाळ करत होते. पळायला जायचे आणि नागमोडी रस्ता टाळून दुसरीकडूनच यायचे. बाई म्हणाल्या, "आता कशाला चेहरा पाडलास? विक्रम केलायस की उधारी?" २५ तारखेला मात्र वाटलं, दोन वर्षं शिबिरात राहायचं आणि रोज सकाळी उठल्याउठल्या तो टेम्पो आठवायचा, हे काही जमणार नाही. ठरवलं, मोजणीच्या आधी काकांना गाठायचं. बाबांना कळू द्यायचं नाही. विक्रम गेलाच तर म्हणायचं, मोजणीतच कमी भरला, आपलं नशीब.

२६ला पहाटे घरातून निघाले आणि पळतच डेअरीपाशी पोचले. बघते तर बेकरीची गाडी उभी! काका सायकलच्या चाकात हवा तपासत बसलेले आणि बाबा त्यांच्यासमोर, हात जोडायचे राहिले होते फक्त.

मला बघून बाबा दचकले. "तू इथे काय करतेस?"

"पाव घ्यायला आले," मी म्हटलं. "तुम्ही?"

"पाव द्यायला आलो."

काकांनी आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "बेकरीवाले, हीच का मुलगी? आणि तूही मला तेच सांगायला आलीस का, की त्या दिवशी कोन मांडले नव्हते?"

मी मान डोलावली.

"घरातलं अजून कुणी यायचंय का? असेल तर थांबतो. नसेल तर ऊन चढायच्या आत मला मोजू द्या."

बाबांना सगळं ठाऊक होतं, आत्या! माझ्याआधी! बेकरीतून पुलाकडे जाताना ते रोज तोच रस्ता घेतात. रस्ता रिकामा असला की वळणं कापून सरळ जातात आणि गाड्या असल्या की डावी बाजू धरतात. एक दिवस त्यांच्या लक्षात आलं, मीटरचा शेवटचा आकडा एका वाटेने पडतो आणि दुसऱ्या वाटेने पडत नाही. म्हणून त्यांनी जेवताना मला विचारलं. आणि मी "गाडीला काय कळतंय" म्हटल्यावर त्यांना वाटलं, मला काही माहीत नाही, आणि मला कळायच्या आतच आपण काय ते उरकावं. ते माझ्यापासून लपवत होते, मी त्यांच्यापासून.

काकांनी ट्रॅफिकच्या साहेबांकडून रस्ता थोडा वेळ बंद करून घेतला. (साहेब बाबांना बघून म्हणाले, "तू परत?") आधी कोनांच्या जागा धरून मोजलं. रस्ता पूर्ण भरला, वर दहा मीटर. पहिल्या मोजणीच्या दुपारी तुझं ऊन सायकल फित्यावर तपासतानाच चढून बसलं होतं, नंतर वाढलं नाही, त्यामुळे त्याने आपल्याला काही दिलं नाही. मग अख्खा रस्ता धरून मोजलं. तेरा मीटर कमी. दहा पदरचे गेले आणि वर तीन.

निकाल ऐकून बाबा गाडीत जाऊन बसले. मी दुसऱ्या दाराने आत गेले. मागे पावाचे ट्रे, सगळीकडे गरम वास. म्हणाले, "पुन्हा माझ्यामुळेच बाद झालीस."

मी म्हटलं, "बाबा, पेन द्या." पावाच्या कागदावर गणित मांडलं. तूही मांड! मी सेकंदाला पाच मीटर पळते. तेरा मीटर म्हणजे अडीच सेकंदांच्या थोडं वर. विक्रम मोडला होता चार सेकंदांनी. म्हणजे कोन असते, अर्धाच रस्ता असता, तरी मी जवळजवळ दीड सेकंद पुढेच होते! बाबांनी कागद माझ्या हातातून घेतला, बघितला, उलटा करून परत बघितला. मग म्हणाले, "परत एकदा भागाकार कर." मी केला. मग त्यांनी हॉर्न वाजवला. डेअरीतली माणसं बाहेर आली.

आणि आता ऐक. शिबिराची यादी मार्चअखेर बंद होते. बाईंनी आयोजकांना गाठलं, आणि काकांनी त्यांना स्वतः सांगितलं की या मुलीने आणि तिच्या बापाने येऊन सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं. आयोजकांनाही आपल्या रस्त्यावर विक्रम हवाच आहे. म्हणून २० मार्चला, रविवारी, निवडक धावपटूंसाठी पुन्हा तीच शर्यत! तोच रस्ता, अर्धा, कोनांसकट. उंच मुलगीही येणार आहे. आयोजकांनी सभेत विचारलं, कोन मांडायची जबाबदारी कोण घेतंय? बाबांचा हात आधी वर गेला, प्रश्न मागून संपला.

तू येशील? ये ना.

टिटवी

४ मार्च

टिटवे,

गणित मी मांडलं. बरोबर आहे. शेजारणीलाही दाखवलं. ती म्हणाली, "मग दीड सेकंदाने जिंकलीच की, परत कशाला पळायचं?" या वेळी तिला चहा दिला, कारण प्रश्न चांगला होता. पण उत्तर तुलाही माहीत आहे. कागदावरचे दीड सेकंद यादीत धरत नाहीत. ते पायांनी आणावे लागतात.

आणि त्या दीड सेकंदांवर फार विसंबू नकोस. त्या दिवशी तू मोकळ्या रस्त्यावर सरळ पळालीस. या वेळी प्रत्येक वळणाला वळावं लागेल, आणि वळताना वेग जातो, तो कुठल्याच सायकलच्या काउंटरवर दिसत नाही. आजपासून सराव त्याच पट्ट्यात कर. कोनांच्या इतक्या जवळून जा की दंड घासला पाहिजे, पण कोन पडता कामा नये. त्या उंच मुलीचे पाय लांब आहेत, तिला वळणं जड जातात. तुझे काडीसारखे आहेत. ही वळणं तुझ्यासाठीच काढली आहेत असं समज.

तुझ्या बापाला वेगळं पत्र लिहिलंय. त्यात फक्त एवढंच आहे, की लहानपणी त्याच्या हातून जे जे मोडलं त्यातलं निम्मं माझ्या अंगावर आलं होतं आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. आणि पहाटे तुझ्याआधी डेअरीवर पोचला, याचा मला फार अभिमान वाटला. त्याला सांग, शर्यतीच्या दिवशी त्याने दोरी ओलांडली तर त्याचा पाय मी धरणार आहे.

मी १८ तारखेला, शुक्रवारच्या गाडीने निघतेय. कानातल्या मशीनला नवा सेल घालून आणलाय. काल घालून बघितलं तर घरातला फ्रिज इतका बोलतो हे मला ठाऊकच नव्हतं. रविवारभर मशीन काढणार नाही.

साडेसहाला शर्यत सुटण्याचा बार होईल. सात वाजून तीन मिनिटांनी मी शेवटच्या दोरीपाशी उभी असेन आणि पुलाकडे बघत असेन. त्यापुढचे वीस सेकंद तुझे.

तुझी
आत्या